न पोहोचलेली दवंडी

पूर्वी सरकारचा एखादा हुकूम गावास कळवावयाचा असला म्हणजे गावात दवंडी पिटली जात असे. दवंडीवाला प्रत्येक आळीच्या तोंडाशी उभा राही, डफावर थाप मारी आणि हुकमाचा मजकूर गावच्या बोलीत मोठ्याने सांगे. हुकूम हिताचा असो की जाचाचा असो, तो आपल्या कानावर आला नाही असे म्हणण्यास मग कोणास जागा उरत नसे. सांप्रत दवंडी गेली आणि तिच्या जागी संकेतस्थळ आले. मसुदा तयार झाला, राजपत्रात छापला, संकेतस्थळावर ठेवला, म्हणजे लोकांस कळविण्याचे काम पुरे झाले, ही समजूत आमच्या राज्यकारभारात आता इतकी मुरली आहे की, तीत काही वावगे आहे असे म्हणणाराच मागासलेला ठरतो. तो आरोप पत्करून आम्ही हा लेख लिहीत आहोत.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. रान, डोंगर, ओढा, खाजण यांच्या रक्षणाची जी योजना ज्यांच्या दारात लागू व्हावयाची त्यांनाच वाचता येत नाही, ती प्रसिद्ध झाली असे मानणे हे असत्य होय. आणि अशा असत्याच्या पायावर उभारलेले निसर्गरक्षण टिकत नाही. म्हणून खेड्यापर्यंत इंटरनेटची तार नेणे आणि खेड्याच्या भाषेत नकाशा नेणे ही दोन्ही कामे निसर्गरक्षणाचाच भाग आहेत. ती मागाहून सवडीने करावयाची कामे नव्हेत.

प्रथम या योजना कशाच्या असतात ते पाहू. नगररचनेच्या शास्त्रात अलीकडे 'हरित पायाभूत सुविधा' असा शब्दप्रयोग रूढ झाला आहे. शब्द बोजड आहे, अर्थ मात्र जुनाच आहे. रस्ता, पूल, गटार, विजेचे खांब ही जशी वस्तीची साधने, तशीच पाणी मुरविणारा सडा, माती धरून ठेवणारी देवराई, भरतीचे पाणी पोटात घेणारे खाजण आणि किनारा राखणारे कांदळवन हीही वस्तीचीच साधने होत. फरक एवढाच की, गटार बांधले तर त्याचे बिल निघते, म्हणून ते साधन. ओढा फुकट काम करतो, म्हणून ती पडीक जागा! या हिशेबाची किंमत मुंबईने २६ जुलै २००५ रोजी मोजली. त्या दिवशी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. इतका पाऊस कोणत्याही शहरास जड गेला असता, हे आम्हांस मान्य आहे. परंतु मिठी नदीच्या पसरण्याच्या जागेवर आम्ही आधीच भराव, रस्ते आणि इमारती उभ्या केल्या होत्या. तेव्हा ती घरांत शिरली यात तिचा काय अपराध?

जी गोष्ट मुंबईत एका नदीची, तीच फार मोठ्या प्रमाणावर सह्याद्रीची आहे. गोदावरी, कृष्णा आणि कावेरी या तिन्ही नद्या या पर्वतात उगम पावतात. दख्खनचे पाणी म्हणजे सह्याद्रीने धरून ठेवलेले पाणी. या पर्वताचे रक्षण कसे करावे हे सांगण्यासाठी केंद्र सरकारने मार्च २०१० मध्ये डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांची एक समिती नेमली. ३१ ऑगस्ट २०११ रोजी समितीने आपला अहवाल सादर केला. याच साली, ऑक्टोबर महिन्यात, सरकारने दुसऱ्या एका योजनेस मंजुरी दिली: देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती प्रकाशतंतूच्या तारेने जोडावयाच्या आणि गावागावांत इंटरनेट पोहोचवावयाचे. हीच योजना पुढे 'भारतनेट' या नावाने ओळखली जाऊ लागली. अशा रीतीने एकाच वर्षी, दोन महिन्यांच्या अंतराने, एक अहवाल आणि एक तार अशा दोन गोष्टी दिल्लीहून खेड्याकडे जावयास निघाल्या. त्यांचे पुढे काय झाले हे पाहण्यासारखे आहे.

अहवाल निघाला तो मंत्रालयाच्या कपाटापर्यंतच गेला. सरकारने तो प्रसिद्ध केला नाही. माहितीच्या अधिकाराखाली केरळातील एका नागरिकाने तो मागितला, तेव्हा तो उघड केल्यास राज्याच्या हितास बाध येईल असे उत्तर मिळाले! एप्रिल २०१२ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाने अहवाल खुला करण्याचा आदेश दिला. त्याविरुद्ध मंत्रालय दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेले. तेथेही हार झाल्यावर मे २०१२ मध्ये अहवाल संकेतस्थळावर आला. तो इंग्रजीत होता. या समितीची मुख्य शिफारस कोणती होती, हे लक्षात घेतले म्हणजे या प्रकरणातील विसंगती नजरेत भरते. कोणत्या भागात काय करावे व काय करू नये याचा अखेरचा निर्णय ग्रामसभांच्या विचाराने व्हावा, असे तिचे सांगणे होते. ज्या ग्रामसभांनी निर्णय करावा असे अहवाल म्हणतो, त्या ग्रामसभांनाच अहवाल वाचावयास मिळू नये! जुलै २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळे जागतिक वारशाच्या यादीत घातली. त्यांत कास, कोयना, चांदोली व राधानगरी ही आमचीही होती. सह्याद्रीचे मोल अशा रीतीने साऱ्या जगास कळले; सह्याद्रीत राहणाऱ्यांना काय कळले होते?

तारेची कथाही फारशी वेगळी नाही. दोन वर्षांत पुरे व्हावयाचे काम वर्षामागून वर्षे पुढे ढकलले गेले, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये १ लाख ३९ हजार कोटी रुपयांच्या सुधारित योजनेस नव्याने मंजुरी द्यावी लागली. तार पुष्कळ गावांपर्यंत गेली आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु तार ग्रामपंचायतीच्या भिंतीपर्यंत जाणे निराळे आणि मजकूर शेतकऱ्याच्या डोळ्यांपर्यंत जाणे निराळे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी २०१९ ते २०२१ या काळात झाली. तीत कधी तरी इंटरनेट वापरले आहे असे सांगणाऱ्या स्त्रिया देशात शेकडा ३३ आणि पुरुष शेकडा ५७ आढळले. ग्रामीण स्त्रियांत तर हे प्रमाण चारांत एक इतकेच होते. डोंगरातील पाणी, सरपण आणि चारा यांच्याशी रोजचा संबंध कोणाचा असेल तर तो याच ग्रामीण स्त्रीचा. जिचे आयुष्य योजनेने सर्वांत अधिक बदलावयाचे तिलाच योजनेची वार्ता सर्वांत शेवटी लागावी, असा हा बंदोबस्त आहे.

आता कायदा पाहू. १९८६ च्या पर्यावरण (संरक्षण) नियमांप्रमाणे एखाद्या भागात उद्योगधंद्यांवर निर्बंध घालावयाचे असल्यास सरकार राजपत्रात मसुदा छापते आणि त्या तारखेपासून ६० दिवसांत हरकती मागविते. राजपत्र इंग्रजीत व हिंदीत निघते; हरकती दिल्लीस धाडावयाच्या असतात. पश्चिम घाटाच्या बाबतीत असे मसुदे २०१४ ते २०२४ या काळात एकूण सहा निघाले. सहाव्या मसुद्यात सुमारे ५६,८०० चौरस किलोमीटर प्रदेश आहे. त्यात महाराष्ट्राचा १७,३४० आणि गोव्याचा १,४६१ चौरस किलोमीटर. एवढ्या मुलखातील मराठी, कोकणी, कानडी, मल्याळी, तमिळ आणि गुजराती बोलणाऱ्या खेडुतांनी साठ दिवसांत राजपत्र मिळवावे, त्यातील इंग्रजी समजून घ्यावे, नकाशात आपला गट नंबर कोठे येतो ते शोधावे, आणि मुदतीत दिल्लीस हरकत पाठवावी! असे कोणा खेडुताने केले तर त्याला आम्ही मोठ्या पदवीस पात्र समजू.

याच्या तुलनेस आम्ही एक जुना कायदा ठेवतो. १९२७ चा वन अधिनियम हा परकीय सरकारचा कायदा. त्याने आणि त्याच्या आधीच्या १८७८ च्या कायद्याने राने सरकारजमा झाली आणि रानात राहणारा माणूस स्वतःच्या घरी चोर ठरला. त्या कायद्याचे गोडवे गाण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. परंतु त्याच कायद्याच्या ६ व्या कलमाने राखीव जंगल ठरविण्यापूर्वी आसपासच्या प्रत्येक गावात जाहीरनामा लावण्याची आणि हक्क सांगण्यास कमीत कमी तीन महिन्यांची मुदत देण्याची सक्ती केली. आणि २१ व्या कलमाने अखेरच्या अधिसूचनेचे स्थानिक भाषेतील भाषांतर प्रत्येक गावात प्रसिद्ध करण्याची सक्ती केली. राने हिरावून घेणाऱ्या सरकारने गावास गावच्या भाषेत सांगितले आणि तीन महिने दिले. राने राखू पाहणारे आमचे स्वतःचे सरकार दिल्लीच्या भाषेत सांगते आणि दोन महिने देते. हे वाचून ज्याला खाली पाहावेसे वाटणार नाही त्याच्याशी आमचा वाद संपला.

कोणी म्हणेल की एवढ्या भाषांत भाषांतर करणे व्यवहार्य नाही. हे उत्तर प्रत्यक्ष दिले गेलेले आहे. पर्यावरणीय परिणामांच्या परीक्षणाविषयीच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीच्या ऐन दिवसांत, राजपत्रात छापला गेला. ३० जून २०२० रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने तो राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील सर्व भाषांत भाषांतरित करावा असा आदेश दिला. सरकारने भाषांतर करण्याऐवजी सर्वोच्च न्यायालय गाठले, आणि हिंदी व इंग्रजीखेरीज इतर भाषांत मसुदा काढण्याचे बंधन कायद्याने आपणावर नाही असा पवित्रा घेतला. कायद्याने बंधन नसेल. मग कायदा बदलावा. शिवाय हे काम अशक्य नाही याचा पुरावा सरकारच्याच दप्तरात आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे जमीन घेण्याची प्राथमिक अधिसूचना स्थानिक भाषेत ग्रामपंचायतीत आणि प्रादेशिक भाषेच्या वृत्तपत्रात प्रसिद्ध करावीच लागते. जमीन घेताना जी भाषा येते ती जमीन राखताना का विसरावी?

गेल्या पावसाळ्यानंतर आम्ही सह्याद्रीच्या कुशीतील एका खेड्यात दोन दिवस राहिलो होतो. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर इंटरनेटची पेटी होती. तिच्यावरील दिवा विझलेला होता. पावसात तार तुटली, जोडणारा माणूस उद्या येतो, परवा येतो असे चालले होते. सायंकाळी एका वयस्क शेतकऱ्याने आम्हांस विचारले, "आमचं गाव त्या यादीत आहे म्हणतात, ते खरं का हो साहेब?" गावात मोबाइलला रेंज नव्हती. आम्ही दोघे टेकडीवरच्या देवळापर्यंत चढून गेलो आणि तेथे मोबाइलवर यादी उघडली. इंग्रजी अक्षरांत गावाच्या नावाशी जुळणारी दोन नावे तालुक्यात निघाली. त्यांतले आमचे कोणते हे ठरविण्यास आम्हांस बराच वेळ लागला. मग त्याने पुढचा प्रश्न विचारला: आपल्या वरकस जमिनीत नाचणी करता येईल की नाही? आम्ही मसुदा वाचून त्याला सांगितले की शेतीवर बंदी नाही. बंदी आहे ती खाणी, दगडखाणी आणि वाळूउपसा यांवर, औष्णिक वीजकेंद्रांवर, अत्यंत प्रदूषक अशा उद्योगांवर आणि वीस हजार चौरस मीटर व त्याहून मोठ्या बांधकामांवर. तो काही वेळ गप्प राहिला. नंतर म्हणाला, "आम्हाला तर सांगितलं होतं, की गवत कापायलासुद्धा परवाना लागणार."

कोणी सांगितले होते, हे आम्ही विचारले नाही. विचारण्याचे कारणही नव्हते. जेथे सरकारची दवंडी पोहोचत नाही तेथे दुसऱ्या कोणाची तरी दवंडी पोहोचतेच; आणि ती पोहोचविणाऱ्यास बहुधा दगडखाणीचा धंदा असतो.

याचे मोठे आणि दुःखद उदाहरण केरळात घडले. गाडगीळ समितीच्या अहवालानंतर डॉ. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखाली दुसरा गट नेमला गेला, आणि त्याने एप्रिल २०१३ मध्ये संरक्षित करावयाचे क्षेत्र पुष्कळ कमी करून सुचविले. इतके करूनही नोव्हेंबर २०१३ मध्ये केरळच्या डोंगराळ भागात मोठा भडका उडाला. शेतकऱ्यांस घरादारांतून हुसकावून लावणार, अशी समजूत सर्वत्र पसरली होती. हरताळ झाले, कोझिकोडे जिल्ह्यात थामरश्शेरी भागात जाळपोळ झाली आणि वनखात्याचे कार्यालयही आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. या दंगलीत खाणवाल्यांचा आणि पुढाऱ्यांचा हात किती होता याची चर्चा अनेकांनी केली आहे. आमचा प्रश्न निराळा आहे. तो अहवाल दोन वर्षांपूर्वीच मल्याळम भाषेत प्रत्येक पंचायतीत ठेवला असता, ग्रामसभेपुढे वाचला असता, तर त्या अफवेस एवढी वाढण्यास जागा मिळाली असती काय? माणसाच्या हातात कागद नसला म्हणजे तो कानावर विश्वास ठेवतो. दोष कानाचा नव्हे.

याउपर काही विद्वान म्हणतात की, खेडुतांना ही शास्त्रीय प्रकरणे समजत नाहीत. हा आक्षेप नवा नाही; तो प्रत्येक पिढीने आपल्याहून कमी शिकलेल्यांविषयी घेतला आहे. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, तेव्हाही कचेरीतील कागद आणि अक्षरशून्य शेतकरी यांच्यामधील अंतराचा लाभ कोण उठवितो हाच त्यांचा सवाल होता. आता शेतकऱ्यास अक्षर येते, तर कागदाची भाषा बदलली, एवढेच. आणि समजत नाही म्हणणाऱ्यांस आम्ही तीन ठिकाणे दाखवितो.

पहिले गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा). या गोंड गावाने अनेक वर्षे अभ्यासगट चालवून कायदे समजून घेतले, निर्णय बहुमताने नव्हे तर सर्वांच्या संमतीने घेण्याची रीत पाडली, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर रानावरील सामूहिक हक्क मिळविला. एप्रिल २०११ मध्ये त्यांच्या बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला, तेव्हा केंद्रीय मंत्री स्वतः तेथे गेले होते. दुसरे ठिकाण सिंधुदुर्ग. सावंतवाडी व दोडामार्ग या भागातील २५ गावांच्या ग्रामसभांनी आमचा परिसर संवेदनशील म्हणून जाहीर करा असे ठराव आपण होऊन केले. गाडगीळ समितीच्या अहवालात त्यांची नोंद आहे. मात्र पुढे या पट्ट्यासाठी लोकांना न्यायालयात जावे लागले, आणि मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयास तेथील अधिसूचना काढण्यासाठी मुदत घालून द्यावी लागली. जी गावे 'आम्हांस राखा' म्हणून दार ठोठावतात त्यांनाच दशकभर दारात उभे करणारे राज्यकर्ते, लोकांस निसर्गाची चाड नाही म्हणून हळहळतात, हे पाहून हसावे की रडावे?

तिसरे ठिकाण गोवा. तेथे २००६ मध्ये जाहीर झालेला 'प्रादेशिक आराखडा २०११' लोकांनी वाचला, त्यात कोणाच्या टेकड्या आणि शेते वस्त्यांसाठी खुली केली आहेत ते ओळखले, आणि असे आंदोलन केले की जानेवारी २००७ मध्ये सरकारला तो रद्द करावा लागला. त्यानंतर 'प्रादेशिक आराखडा २०२१' तयार करताना वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया यांचा सहभाग असलेल्या कृतिदलाने गावागावांचे नकाशे पंचायतींकडे पाठवून त्यांचे म्हणणे मागविले. आमच्या देशात गावपातळीवर नकाशा नेऊन विचारण्याचा असा प्रयत्न क्वचितच झाला आहे. २०१२ मध्ये तो आराखडाही बासनात बांधून ठेवला गेला, हेही सांगितले पाहिजे. परंतु लोकांना नकाशा समजत नाही हा बहाणा मात्र गोव्याने कायमचा निकालात काढला.

आणि शहरांविषयी तर बोलावयासच नको. मुंबईच्या विकास आराखड्याचा मसुदा फेब्रुवारी २०१५ मध्ये निघाला, तेव्हा सुशिक्षित नागरिकांनी तो घरबसल्या संगणकावर पाहिला, आपली गल्ली शोधली, चुका मोजल्या आणि हजारोंनी हरकती घातल्या. दोन महिन्यांत, एप्रिल २०१५ मध्ये, मुख्यमंत्र्यांनी तो नव्याने तयार करण्याचा आदेश दिला. मुंबईकर खेडुतांहून अधिक शहाणे होते म्हणून हे झाले नाही. त्यांच्या घरात तार होती, हाती वेळ होता आणि कागदाची भाषा त्यांची होती, म्हणून झाले. हे तीन लाभ आमचे भाग्य आहेत, गुण नव्हेत, हे आमच्या वाचकांनी लक्षात ठेवावे.

येथे एक प्रामाणिक शंका राहते, आणि तिला बगल देणे आम्हांस शोभणार नाही. समजा, गावास सर्व वाचावयास मिळाले, सर्व समजले, आणि तरीही गावाने दगडखाणीस संमती दिली, तर? खाणीत मजुरी मिळते. देवराईत मिळत नाही. असे घडू शकते, आणि काही ठिकाणी घडेलही. तो धोका आम्ही उघड्या डोळ्यांनी पत्करतो. कारण समजून दिलेली चुकीची संमती उद्या समजून परत घेता येते. न समजता लादलेले योग्य निर्बंध मात्र पहिल्याच निवडणुकीत वाहून जातात. पश्चिम घाटाचे सहा मसुदे याचीच साक्ष देतात. निसर्गरक्षणाचा कायदा म्हणजे काही डोंगराभोवतीचे कुंपण नव्हे. डोंगरात राहणाऱ्याने पहाटे उठून तो पाळावयाचा असतो.

या साऱ्या चर्चेत वेळेचा हिशेब कोणी मांडीत नाही, म्हणून तोही मांडू. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. एका गावाचे गाव नाहीसे झाले, आणि ही वार्ता बाहेर कळली ती कशी? नेहमीच्या एसटी गाडीचा चालक गाडी घेऊन आला, आणि जेथे गाव असावयाचे तेथे त्याला चिखल दिसला! २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यात तळिये, १९ जुलै २०२३ रोजी खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी. मग माळीणच्या बरोबर दहा वर्षांनी, ३० जुलै २०२४ रोजी, वायनाड. आणि पश्चिम घाटाचा सहावा मसुदा सरकारने कोणत्या तारखेस काढला? ३१ जुलै २०२४ रोजी. प्रेते अजून चिखलातून काढली जात होती, आणि साठ दिवसांचे घड्याळ सुरू झाले होते. प्रत्येक दरड अमुक कायदा नव्हता म्हणूनच कोसळली असे आम्ही म्हणत नाही. पावसाला कायदा कळत नाही. परंतु डोंगराच्या उतारावर काय चालले आहे हे गावास कळावे आणि गावात काय चालले आहे हे बाहेर कळावे, या दोहोंसाठी एकच वाट लागते. ती वाट आज तुटलेली आहे.

न्यायालये या दिशेने पुढे गेली आहेत. १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने इंटरनेटवरून मत मांडण्याच्या स्वातंत्र्यास घटनेचे संरक्षण आहे असे म्हटले. ३० एप्रिल २०२५ रोजी त्याच न्यायालयाने, अपंग व्यक्तींच्या संदर्भातील प्रकरणांत, अंकीय साधनांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा जीविताच्या हक्काचाच भाग मानला. तत्त्व उत्तम आहे. परंतु तत्त्वाने ग्रामपंचायतीच्या भिंतीवरचा दिवा लागत नाही. तो लावण्यासाठी आम्ही पुढील पाच मागण्या करतो, आणि त्यांपैकी एकीसही नवा शोध लागत नाही.

पहिली: परिसराविषयीचा कोणताही मसुदा ज्या गावांस लागू व्हावयाचा त्या गावांच्या भाषेत निघावा, आणि भाषांतर होईतो तो निघाला असे समजू नये. दुसरी: मसुद्यासोबत गट नंबर दाखविणारा नकाशा मोठ्या कागदावर छापून प्रत्येक ग्रामपंचायतीत लावावा, मोबाइलच्या चार बोटांच्या काचेवर डोंगर दिसत नाही. तिसरी: हरकतींची मुदत राजपत्राच्या तारखेपासून नव्हे, तर ग्रामसभेत मसुदा वाचला गेल्याच्या तारखेपासून मोजावी, आणि ती तीन महिन्यांहून कमी नसावी, १९२७ च्या सरकारला जे परवडले ते आम्हांस परवडेल. चौथी: ज्या ग्रामपंचायतीची तार बंद आहे तेथे ती चालू होईपर्यंत ही मुदत थांबावी. या एका नियमाने तार जोडणारा माणूस उद्या-परवा न करता आजच येईल, अशी आमची खात्री आहे. पाचवी: प्रत्येक ग्रामसभेच्या हरकतीस कारणांसह लेखी उत्तर मिळावे.

शेवटी दोन शब्द आमच्या वाचकांशी. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी रात्रंदिवस इंटरनेट चालते, आणि पावसाळ्यात आपण सहकुटुंब सह्याद्रीत धबधबे पाहावयास जातो. परत येताना डोंगर पोखरलेला दिसला म्हणजे आपण हळहळतो, आणि त्या हळहळीचा फोटो चारजणांस पाठवितो. यात वाईट काही नाही; पण यात पुरेसेही काही नाही. आपणांस इंग्रजी येते, नकाशा वाचता येतो, अर्ज लिहिता येतो. पुढचा मसुदा निघेल तेव्हा आपल्या मूळ गावाचे नाव यादीत शोधावे. असल्यास तो मजकूर मराठीत करावा आणि पुढच्या ग्रामसभेस स्वतः जाऊन वाचून दाखवावा. सरकारने करावयाचे काम आपण का करावे, असे कोणी विचारील. सरकारने करावे म्हणून तर वर पाच मागण्या लिहिल्या आहेत; त्या मान्य होईपर्यंत डोंगर थांबणार नाही. ज्या शेतकऱ्याबरोबर आम्ही देवळापर्यंत चढलो होतो, त्याने निरोप घेताना आमच्याकडून बंदी असलेल्या कामांची यादी मराठीत लिहून घेतली. पाठकोऱ्या कागदावरचा तो मजकूर त्याने दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीच्या दारावर चिकटविला. त्या गावात तो मसुदा प्रसिद्ध झाला तो त्या दिवशी.